गणपतीआधी प्लेस्टेशन : ग्राफिक्स प्लगिनच्या नोंदी

२६ जुलै २०२५, आचरा

काल रात्री ताईचा डोंबिवलीहून फोन. यंदा दोन्ही पोरं गणपतीला अकरा दिवस राहणार, पण मोबाइल घरीच ठेवून. ‘तू त्यांच्यासाठी काहीतरी बघ.’ मी बोलून गेलो, माळ्यावर प्लेस्टेशन आहे.

आहे खरं. काकाने १९९९ साली कुवेतहून आणलेलं राखाडी यंत्र, खाली एससीपीएच-७५०२ असं छापलेलं, म्हणजे पाल या टीव्ही पद्धतीचं. आज सकाळी उतरवून लावून पाहिलं. डिस्क फिरते, लेन्स सरकल्याचा आवाज येतो, आणि शेवटी मेमरी कार्डाचा मेनू उघडून बसतो. लेन्स संपली. नवीन मागवली तरी गणपतीआधी येईल याची खात्री नाही, आणि आली तरी बसवून नीट चालेल याची त्याहून नाही. रोज दुकानात दुसऱ्यांची यंत्रं उघडतो, तेव्हा याबाबत माझा भाबडेपणा कधीच गेलाय.

खेळांच्या डिस्का मात्र शाबूत. एक टेकन ३, आणि फायनल फँटसी ७ ची तीन डिस्कांची पेटी. बुरशी होती, ती साबणाच्या पाण्याने धुतली आणि मधून कडेकडे पुसली. गोल गोल पुसायचं नाही. उलट बाजू अजून तशीच काळी कुळकुळीत. लहानपणी वाटायचं, या काळ्या रंगातूनही लेसर आरपार कसा जातो. आपल्या डोळ्यांना तो काळा, इन्फ्रारेड लेसरला तो काचेसारखाच.

तेव्हा ठरलं. जुना डेस्कटॉप काढायचा आणि त्यावर एम्युलेटर, म्हणजे प्लेस्टेशनची नक्कल करणारा प्रोग्राम.

२९ जुलै

नागपंचमी. दुकान बंद, म्हणून डेस्कटॉप उघडला. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, जिफोर्स २१० ग्राफिक्स कार्ड, विंडोज ७. चालू केल्यावर नुसतं बीप, बीप. दोन वर्षं माजघरात खिडकीपाशी पडून होता आणि आमच्या खिडकीतून समुद्राचं वारं थेट येतं. कार्ड काढलं तर सोनेरी दातांवर हिरवट थर. खोडरबर घेऊन दोन्ही बाजू घासल्या, रॅमच्याही घासल्या, ब्रशने चुरा झटकला. दुसऱ्या खेपेला पडदा उजळला. कोकणात संगणक दुरुस्तीचं अर्धं शिक्षण म्हणजे खोडरबर.

घड्याळ २००९ दाखवत होतं. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलला.

आई दारातून : ‘ह्या भंगार चालू झाला तर माका सांग.’

१ ऑगस्ट

ईपीएसएक्सई या एम्युलेटरची जुनी १.९ आवृत्ती घेतली. नवे एम्युलेटर जास्त चांगले आहेत, वाद नाही, पण त्यांना विंडोज आणि कार्ड दोन्ही नवीन लागतं. ही जुनी पद्धत वेगळी : एम्युलेटर प्रोसेसरची नक्कल करतो, आणि चित्र काढायचं काम ‘प्लगिन्स’ फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलवर सोपवतो. आवाजाचं प्लगिन वेगळं, कंट्रोलरचं वेगळं. कोणाला काय जमेल ते आपण जुळवायचं. घरच्या लग्नात जेवणाचं एकाकडे, मांडवाचं दुसऱ्याकडे, तसं.

चित्रासाठी दोन पर्याय ठेवले. एक सॉफ्टवेअर प्लगिन, जे सगळं प्रोसेसरवरच रंगवतं : चित्र मूळ यंत्रासारखं, खरबरीत आणि खरं. दुसरं पीट बर्नर्टचं ओपनजीएल२, आवृत्ती २.९, जे ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेतं आणि चित्र मोठं, गुळगुळीत करू शकतं. ३२ इंची टीव्हीवर लावायचंय, म्हणून सध्या दुसरं.

बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, फाइल आमच्याच यंत्रातून पूर्वी एका मित्राने काढून दिलेली, ५१२ केबी. ती आणि ३ तारखेला काढायच्या डिस्का एकाच प्रदेशाच्या, पाल. हे इथे लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल.

३ ऑगस्ट

चारही डिस्का संगणकावर उतरवल्या. बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी घेतली, आयएसओ नाही. आयएसओत डिस्कच्या दर सेक्टरमागे, म्हणजे तुकड्यामागे, २०४८ बाइट येतात आणि प्लेस्टेशनच्या डिस्कवर ते पूर्ण २३५२ चे असतात. उरलेल्या बाइटांवर काट मारली की मधल्या फिल्मा आणि त्यांचा आवाज गडबडतात. फायनल फँटसीची दुसरी डिस्क तिसऱ्यांदा वाचली गेली. बाकी काही विशेष नाही.

५ ऑगस्ट

प्लगिनच्या खिडकीत खाली दोन बटणं आहेत, ‘फास्ट’ आणि ‘नाइस’. दिवसभराचा शीण होता, अक्कल गहाण टाकली. ‘नाइस’ दाबलं आणि वरून जे जे वाढवता येईल ते वाढवलं. अंतर्गत रिझोल्युशन एक्स आणि वाय दोन्हीकडे सर्वांत वर, टेक्श्चर फिल्टरिंग सर्वांत वर, पूर्ण पडद्याचा फिल्टर चालू.

टेकन पाहिल्या पाहिल्या छान वाटला. माणसांच्या कडा सरळ, पायऱ्या नाहीत. मग वरच्या जीवनपट्टीकडे लक्ष गेलं. अक्षरांभोवती धुरकट कडा, जणू शाई ओल्या कागदावर पसरलीय.

फायनल फँटसी तर पार बिघडली. तिथे पार्श्वभूमी म्हणजे आधीच काढलेलं सपाट चित्र, आणि त्यावर बहुभुजांची माणसं चालतात. माणसं चौपट रेखीव झाली, चित्र तिथेच राहिलं. जुन्या फोटोवर नवीन स्टिकर चिकटवल्यासारखं. शिवाय सगळ्या चित्रावर बारीक काळ्या रेघांची जाळी, फरशीच्या सांध्यांसारखी.

रेघा कुठून आल्या ते कळायला रात्रीचे साडेअकरा. पार्श्वभूमी छोट्या चौकोनी तुकड्यांनी जोडलेली असते. फिल्टर प्रत्येक ठिपका शेजारच्या ठिपक्यांत मिसळतो. तुकड्याच्या कडेला गेला की मेमरीतला शेजारचा ठिपका उचलतो, आणि तो त्या चित्रातला नसतोच, भलत्याच कशाचा तरी किंवा नुसता काळा असतो. मूळ यंत्र असलं मिसळणं करतच नव्हतं, म्हणून ज्यांनी तुकडे कापले त्यांना कडेची फिकीर नव्हती.

फिल्टरिंग शून्यावर. रेघा गेल्या. पूर्ण पडद्याचा फिल्टरही बंद.

नियम, आजपासून : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्याआधी वहीत लिहायची. हे दुकानात मुलांना शिकवतो. घरी पाळत नाही.

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सकाळी दुकानात गिऱ्हाईक नाही, पाऊस धो धो. पेनड्राइव्हवर सगळा फोल्डर आणला होता, तो दुकानातल्या संगणकावर लावून तीन तास शांतपणे बसलो. रिझोल्युशन मधल्या पायरीवर, फिल्टर शून्य, चित्राचं प्रमाण ४:३ राखायचं. झकास. संध्याकाळी नारळ वाहायला किनाऱ्यावर जाऊन आलो, घरी फोल्डर परत कॉपी केला, चालू केलं. सगळं पहिल्यासारखं. रिझोल्युशन परत सर्वांत वर.

या प्लगिनच्या सेटिंग्ज त्याच्या फोल्डरमध्ये राहतच नाहीत. त्या विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत, ‘व्हिजन थिंग’ नावाच्या कप्प्यात जाऊन बसतात. फोल्डर कितीही वेळा उचलून न्या, सेटिंग्ज जुन्या घरीच. तो कप्पा एक्स्पोर्ट करून आणायला हवा होता. तीन तास वाया म्हणणार नाही, कारण वहीत लिहिलं होतं. पंधरा मिनिटांत पुन्हा भरलं, आणि लगेच कप्पा एक्स्पोर्ट करून दोन ठिकाणी ठेवला.

१० ऑगस्ट

फायनल फँटसीत लढाई सुरू होताना अख्खा पडदा भोवऱ्यासारखा फिरायला हवा. लहानपणी तो भोवरा दिसला की पोटात गोळा यायचा. इथे पडदा नुसता काळा होतो आणि थेट लढाई.

हे समजायला मूळ यंत्राचं पोट बघावं लागतं. त्याची चित्रमेमरी १ एमबी, मांडणी १०२४ रुंद आणि ५१२ उंच, दर ठिपक्याला २ बाइट. गुणाकार केला तर बरोबर १ एमबी, एक बाइट इकडे नाही की तिकडे. पडद्यावर दिसणारं चित्रही त्यातच आणि रंगवायला लागणारे नमुनेही त्यातच, शेजारी शेजारी. त्यामुळे आत्ता काढलेलंच चित्र उचलून नमुना म्हणून वापरायचं आणि ते पिरगळायचं, हे त्या यंत्राला हातचा मळ. आमच्या कार्डावर चित्र एका ठिकाणी आणि नमुने भलतीकडे. प्लगिनला दर वेळी मुद्दाम चित्र उचलून नमुन्यांत नेऊन ठेवावं लागतं. हे काम ‘फ्रेमबफर इफेक्ट्स’ या पर्यायावर. माझ्याकडे तो सर्वांत खाली होता.

एक पायरी वर : काहीच नाही. दोन पायऱ्या : भोवरा आला. सर्वांत वर नेला तर भोवऱ्याच्या वेळी गती पडते, म्हणून दोनवर मुक्काम.

‘स्पेशल गेम फिक्सेस’ नावाची लांबलचक यादीही आहे. एकेक खूण एकेका खेळाच्या खोडीसाठी. चार दुरुस्त्या लावून पाचवं बिघडवण्यापेक्षा सगळ्या रिकाम्या ठेवल्या.

१३ ऑगस्ट

आता खरी कटकट. संगणक टीव्हीला व्हीजीए तारेने जोडलाय. छोट्या मॉनिटरवर न जाणवलेली गोष्ट मोठ्या पडद्यावर खुपायला लागली : चित्र अडखळतं. टेकनमध्ये दोघं आडवे सरकले की मागचा देखावा वाहत नाही, उचक्या देत जातो. फायनल फँटसीत रस्त्याने चालताना तर जास्तच.

पहिला संशय कार्डावर. रिझोल्युशन सर्वांत खाली आणलं. अडखळणं तेवढंच. फ्रेमबफर शून्य. तेवढंच. सॉफ्टवेअर प्लगिन लावून पाहिलं. तेवढंच! कोपऱ्यात गतीचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याचा, आकडा लावला, तर तो ५० वरून हलत नव्हता. आकडा ठाम, आणि डोळ्यांना उचक्या.

मग वैतागून गतीची मर्यादा हाताने ६० केली. चित्र एकदम वाहतं! पण लढणारे चावी दिलेल्या खेळण्यांसारखे. पाल डिस्क सेकंदाला ५० च्या हिशेबाने बनलेली, ६० ने चालवली की सगळा खेळ वीस टक्के घाईत. संगीतही तडतडायला लागलं. परत ५०.

१४ ऑगस्ट

दुपारपासून वीज नाही. काही नाही.

१५ ऑगस्ट

हे आईमुळे सुटलं, तिला त्याचं काही नाही.

साडेसातला मी टीव्हीसमोर, वहीत आकडेमोड. आई आली. ‘माजी मालिका लाव आधी. मगे तुजा काय ता चलांदे.’ मी सेट-टॉप बॉक्सकडे वळवलं. इनपुट बदलला की आमचा टीव्ही वर कोपऱ्यात क्षणभर एक पट्टी दाखवतो. वर्षानुवर्षं दिसते, कोण वाचतो? आज वाचली. १०८०आय, ५० हर्ट्झ.

जाहिरात लागल्यावर आईच्या परवानगीने दोन सेकंद संगणकाकडे वळवलं. १०२४ बाय ७६८, ६० हर्ट्झ.

म्हणजे टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र मागतोय आणि खेळ पन्नासच देतोय. कमी पडणारी दहा चित्रं टीव्ही कुठून आणणार? तीच परत दाखवणार. दर पाच चित्रांमागे एक चित्र दुप्पट वेळ थांबतं, सेकंदाला दहा वेळा. उचक्या त्याच. फायनल फँटसीत हालचाल पंचविसाने, तिथे एक चित्र दोन ठेके थांबतं, दुसरं तीन, पुन्हा दोन. लंगडी चाल. प्लगिनमध्ये याला कुठलाही खिळा नाही, आणि मी तीन दिवस तिथेच हातोडा मारत होतो.

आणि उत्तर समोरच होतं. आपल्याकडचं टीव्हीचं प्रक्षेपण पूर्वीपासून पन्नासाचं, म्हणून इथे विकला जाणारा टीव्ही पन्नास घेतोच. काकाचं यंत्र जुन्या डबा टीव्हीवर इतकं सुरेख का चालायचं, तेही आज कळलं. दोघंही पन्नासाचे.

मालिका संपेपर्यंत बसलो. नायिकेची स्मृती परत आली.

१७ ऑगस्ट

दुकानातून एचडीएमआय तार आणली. कार्डाच्या त्या तोंडावर अजून कंपनीचं रबरी बूच होतं. ड्रायव्हरच्या यादीत १२८० बाय ७२०, ५० हर्ट्झ सापडलं, निवडलं. व्ही-सिंक, म्हणजे टीव्हीच्या ठेक्यावर चित्र द्यायची सोय, चालू. खेळ लावला, फुल स्क्रीन केलं, आणि पुन्हा उचक्या! इनपुट इकडचा तिकडे करून पट्टी बघितली : ६०. प्लगिन फुल स्क्रीनमध्ये शिरताना विंडोजकडे नवा मोड मागतं आणि विंडोज आपल्या मनाने साठ देतं.

तोड : फुल स्क्रीन नकोच. खिडकीतच चालवायचं आणि खिडकी पडद्याएवढी मोठी करायची. डेस्कटॉप पन्नासावर, खिडकीही पन्नासावर.

मग टेकन लावला. दोघं उभे, मी डावीकडे चालायला लागलो आणि मागचं आभाळ सरकलं. अख्खं सरकलं, एका दमात. पावसाळ्यात खाडीचं पाणी जातं ना, आवाज न करता, तसं. पाच मिनिटं नुसता डावीकडे-उजवीकडे चालत होतो, समोरचा मारत होता तरी.

टीव्ही कडा कापत होता, जीवनपट्टीचं टोक दिसेना. टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार ‘जस्ट स्कॅन’ केला, आलं.

१८ ऑगस्ट

१३ तारखेला घाबरून खाली आणलेलं सगळं परत वर नेलं. दोघा खेळांना दोन वेगळ्या सेटिंग्ज लागतात आणि प्लगिन एकच संच लक्षात ठेवतं. म्हणून रजिस्ट्रीचे दोन एक्स्पोर्ट आणि दोन बॅच फाइली केल्या : एक टेकनचा कप्पा भरून एम्युलेटर उघडते, दुसरी फायनल फँटसीचा.

टेकन : रिझोल्युशन दोन्हीकडे मधली पायरी, फिल्टर शून्य, फ्रेमबफर दोन. फायनल फँटसी : रिझोल्युशन सर्वांत खाली, म्हणजे मुळाएवढं, म्हणजे माणूस आणि पार्श्वभूमी एका जातीची दिसतात. फिल्टर शून्य, फ्रेमबफर दोन. मधल्या फिल्मांसाठी एमडेक फिल्टर चालू, कारण तिथले चौकोनी ठोकळे मोठ्या पडद्यावर फारच दिसतात. गतीची मर्यादा दोन्हीकडे आपोआप ओळखण्यावर, फ्रेम गाळणं बंद.

२४ ऑगस्ट

कंट्रोलर. जुन्या यंत्राचे दोन खणखणीत आहेत, यूएसबी कन्व्हर्टर मागवला होता. आलेल्या नगाचं एक भोक मुकं. बदलून द्यायला विकणारा तयार, पण आठवड्याने. उघडून पाहिलं, आतला एक सांधा सुटलेला. डाग दिला, चाललं. परत पाठवायच्या भानगडीत पडलो नाही.

माटवीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या मांडवीला, आंब्याचे टाळ, कवंडळं आणि सुपारीची शिपटं आणायची राहिलीत. आईने संगणकाकडे बोट दाखवून मोजून चार वाक्यं ऐकवली. त्यातलं एकही इथे लिहिण्यासारखं नाही.

२६ ऑगस्ट

पोरं सकाळच्या गाडीने कणकवलीला उतरली. घरात शिरताच धाकटा : ‘मामा, कुठाय?’ आधी गणपती आणायला चल म्हटलं.

२८ ऑगस्ट

काल पूजा, आरत्या, मोदक. आज दुपारी लावलं.

थोरल्याने पहिल्याच मिनिटाला पकडलं. ‘मामा, जमिनीच्या फरशा हलतायत. वाकड्या होतायत.’ बरोबर आहे. मूळ यंत्राला चित्र काढताना ठिपक्याचे अपूर्णांक धरता येत नव्हते, प्रत्येक कोपरा पूर्ण ठिपक्यावरच बसायचा, म्हणून कडा थरथरतात. आणि नमुना पृष्ठभागावर पसरताना लांब-जवळचा विचार नाही, म्हणून फरशी दुमडते. नव्या एम्युलेटरांत पीजीएक्सपी नावाची सोय आहे, ती हे सरळ करते. या जुन्या जोडीत नाही. तो म्हणाला, ‘असू दे, मजा येते.’

भावोजींना मात्र दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या सहन होईनात. ‘एवढा टीव्ही घेतला आणि मधेच दाखवतोस?’ ७२० उंचीला ४:३ म्हणजे ९६० रुंद, बाकी काळं राहणारच. ताणून दाखवलं. सगळे लढणारे दोन महिने सासुरवाडीला राहून आल्यासारखे दिसायला लागले. भावोजींनीच परत करायला सांगितलं.

३० ऑगस्ट

धाकटा टेकनमध्ये मला सलग सात वेळा हरवून बसलाय. त्याला उचक्या, पन्नास, साठ, काही माहीत नाही. फक्त काल मी घाईत दुसरी तार लावली होती, तेव्हा दोन मिनिटांत विचारलं, ‘मामा, आज हे असं का चालतंय?’

राहिलेलं : मेमरी कार्डाच्या फाइलीची रोज प्रत काढणे. थोरला फायनल फँटसीत पहिल्या डिस्कच्या शेवटाला आलाय आणि दुसरी डिस्क, जी तिसऱ्यांदा वाचली गेली होती, ती शेवटपर्यंत चालते का हे अजून तपासलेलं नाही. उद्या गौरी येतील, त्याआधी पहाटे तपासायला हवं.